पाकोळी आणि भिंगरी : रूप एक, कूळ वेगळे

(देवस्थानच्या वर्धापनोत्सवातील व्याख्यानमालेत झालेल्या भाषणाचा मजकूर)



देवस्थानच्या व्यासपीठावरून पाखरांवर व्याख्यान, हे ऐकून काही श्रोत्यांना किंचित् नवल वाटले असेल. कीर्तनपरंपरा, मंदिरस्थापत्य, ग्रामसंस्थेचा इतिहास हे येथील नेहमीचे विषय. परंतु ज्या सभामंडपात ही सभा भरली आहे, त्याच्याच छताकडे क्षणभर दृष्टी टाकली तर या विषयाचे प्रयोजन ध्यानात येईल. तुळईच्या आणि भिंतीच्या सांध्यात पिसे, काटक्या, कापूस यांचे वेडेवाकडे गोळे एकमेकांना लागून चिकटलेले दिसतात. त्यांच्यापासून चार हात दूर, सपाट छताच्या पोटाशी, सुरईच्या आकाराचे मातीचे एक नीटस घरटे आहे. दोन्ही घरट्यांचे मालक संध्याकाळच्या आरतीच्या सुमारास देवळासमोरच्या आकाशात एकत्रच गिरक्या घेत असतात.

जीर्णोद्धाराची चर्चा निघाली तेव्हा या घरट्यांचा प्रश्नही निघाला. खाली विष्ठा पडते, पालखीच्या वेळी अडचण होते, सबब छत रंगविण्यापूर्वी सारी घरटी काढून टाकावीत, असे एका पक्षाचे म्हणणे. देवाच्या आश्रयाला आलेल्या जिवाला बेघर करू नये, असे दुसऱ्या पक्षाचे. दोन्ही पक्षांच्या बोलण्यात एक गोष्ट मात्र समान होती. दोघेही ‘ती पाखरे’ एवढेच म्हणत होते. जणू काय ती सारी एकाच जातीची, एकाच घराण्याची. हीच मूळ चूक आहे. छतावर राहणारी ही पाखरे एक नसून दोन आहेत, आणि त्यांचे परस्परांशी नाते इतके दूरचे आहे की त्यांतील एकाचे खरे सोयरे बुलबुलाच्या घरात आहेत, तर दुसऱ्याचे रातव्याच्या. त्यांना ओळखल्यावाचून त्यांच्याविषयी निर्णय करणे म्हणजे पक्षकारांची नावे न वाचता निकाल देणे होय.

पहिले पाखरू म्हणजे पाकोळी. लांबी सुमारे १५ सेंटिमीटर, रंग धुरकट काळा, गळा आणि कंबर पांढरी, शेपूट आखूड आणि चौकोनी, पंख कोयत्यासारखे वाकलेले. दुसरे म्हणजे लालबुडी भिंगरी. पाठ पोलादी निळी व चकाकती, कंबर तांबूस, पोट फिकट आणि त्यावर बारीक काळ्या रेघा, शेपूट खोल दुभंगलेले. हिवाळ्यात विजेच्या तारांवर ओळीने बसणारी माळभिंगरी ही हिचीच चुलत बहीण. ती उत्तरेकडून पाहुणी म्हणून येते आणि उन्हाळा लागताच परतते. लालबुडी भिंगरी मात्र या भूमीतच वीण घालते.

उडताना मात्र दोघींचा भेद करणे नवख्याला कठीण जाते. दोघींचे शरीर निमुळते, पंख लांब व टोकदार, चोच इवलीशी पण जबडा मोठा. दोघीही केवळ उडते कीटक खातात आणि तेही उडता उडताच पकडतात. त्यामुळे लोकभाषेने दोघींची गल्लत केली तर नवल नाही. ‘पाकोळी’ हा शब्द तर बोलीत लहान वटवाघळालाही लावतात. हिंदी-उर्दूत ‘अबाबील’ या एकाच नावात दोघी सामावून जातात.

ही गल्लत केवळ लोकांनीच केली असे नाही. स्वीडनचा थोर निसर्गवेत्ता लिनियस याने १७५८ साली प्राणिसृष्टीची जी पद्धतशीर मांडणी केली, तीत युरोपातील पाकोळीला त्याने भिंगरीच्याच प्रजातीत घातले होते. इंग्लंडातील सेलबोर्न गावचा पाद्री गिल्बर्ट व्हाइट याने मात्र आपल्या घराभोवतीच्या या पाखरांचे वर्षानुवर्षे निरीक्षण केले, आणि १७८९ साली प्रसिद्ध झालेल्या त्याच्या पत्रसंग्रहात पाकोळीच्या पायांचे वेगळेपण ठळकपणे नोंदविले. मोठ्या वेधशाळेतून नव्हे, तर आपल्याच गावच्या चर्चच्या मनोऱ्याकडे आणि शेजाऱ्यांच्या गवती छपरांकडे धीराने पाहत राहून मिळालेले हे ज्ञान होते. देवळाच्या परिसरात राहणाऱ्यांनी ही गोष्ट विशेष ध्यानी घ्यावी.

पायांचे हे वेगळेपण ते कोणते? भिंगरीच्या पायाची तीन बोटे पुढे आणि एक मागे. चिमणी, बुलबुल, कावळा यांचे पाय असेच असतात. अशा पायांनी फांदी अथवा तार घट्ट धरता येते. म्हणून भिंगरी तारेवर बसते, जमिनीवर उतरून चिखल उचलते आणि चार पावले चालूही शकते. पाकोळीची मात्र चारही बोटे पुढे वळतात. ती आकड्यासारखी खडबडीत भिंतीत अडकवून पाकोळी उभी लोंबकळू शकते. परंतु तारेवर, फांदीवर किंवा भुईवर ती बसत नाही. तिचे पाय इतके आखूड की ग्रीक लोकांनी तिला ‘बिनपायांची’ असेच नाव दिले, आणि तेच नाव शास्त्रीय परिभाषेत आजही चालू आहे. तारेवर बसलेले पाखरू पाकोळी असूच शकत नाही; ओळखीची ही एक खूण ध्यानात ठेवली तरी पुरे.

पंखांचेही तसेच. माणसाच्या हाताला दंड, पुढचा हात आणि पंजा असे तीन भाग असतात, तेच पक्ष्याच्या पंखालाही असतात. भिंगरीत या भागांचे प्रमाण इतर गाणाऱ्या पाखरांसारखे आहे. पाकोळीत दंडाचे हाड कमालीचे आखूड आणि जाड असून पंखाची बहुतेक लांबी पंजाच्या भागाची असते. त्यामुळे तिचा पंख ताठ व पात्यासारखा दिसतो. भिंगरीच्या शेपटीत पिसे १२, पाकोळीच्या शेपटीत १०. भिंगरीच्या कंठाची रचना गाणाऱ्या पाखरांची आहे. तिची कुजबुज मंद असली तरी ते गाणेच. पाकोळीला गाता येत नाही. थव्याने देवळाभोवती घिरट्या घालताना ती किणकिणता, थरथरता चीत्कार करते, एवढेच.

दोघींची घरटी तर दोन वेगळ्या कारागिरांची साक्ष देतात. भिंगरी ही कुंभारीण आहे. तळ्याच्या काठावरून, शेताच्या बांधावरून ओल्या मातीच्या गोळ्या चोचीत आणून ती एकेक गोळी छताला चिकटवीत जाते. अशा शेकडो खेपांनंतर सुरईसारखा फुगीर कक्ष आणि त्याला नळीसारखे प्रवेशद्वार तयार होते. पाकोळीला भुईवर उतरताच येत नाही. मग तिने माती आणावी कोठून? तिने त्यावर तोड काढली ती अशी : वाऱ्यावर तरंगणारी पिसे, गवताच्या काड्या, धागे हे सारे ती उडता उडता झेलते आणि आपल्या लाळेने एकमेकांना व भिंतीला चिकटविते. विणीच्या काळात तिच्या लालाग्रंथी मुद्दाम वाढतात. ही लाळ वाळली की सरसासारखी कडक होते.

या लाळेच्या कलेची परिसीमा पाहावयाची असेल तर फार दूर जावयास नको. वेंगुर्ल्यासमोरच्या समुद्रात जी खडकाळ बेटे आहेत, त्यांतील गुहेत पाकोळीची एक लहान भावंडे-जात घरटी करते. तिच्या घरट्यात लाळेचे प्रमाण एवढे असते की पूर्वेकडील देशांत अशा घरट्यांचे सूप महागडे पक्वान्न म्हणून खपते. या लोभापायी तेथील घरट्यांची चोरटी तोड होत असे. चिपळूणच्या ‘सह्याद्री निसर्ग मित्र’ या संस्थेने २००१ साली ती उघडकीस आणली आणि वनखात्याच्या साहाय्याने तिला पायबंद घालण्याचे काम पुढे नेले. याच जातीची आणखी एक विशेषता अशी की काळोख्या गुहेत ती टिक्‌टिक् असा आवाज करून त्याच्या प्रतिध्वनीवरून वाट काढते. वटवाघळाला आणि या पाखराला एकच नाव देणाऱ्या बोलीने अजाणता केवढे मार्मिक साम्य टिपले होते!

आता मुख्य प्रश्नाकडे वळावयाचे. रूप इतके सारखे आणि अंतरंग इतके वेगळे, हे घडले कसे? आणि या दोघींचे खरे नातलग तरी कोण?

महाजन कुटुंबांना हा प्रश्न समजावून सांगण्याची फारशी गरज नसावी. आडनाव एक म्हणून कूळ एक होत नाही, हे येथे प्रत्येकाला ठाऊक आहे. एकाच आडनावाची दोन घरे शेजारी शेजारी नांदतात. चेहरेही कधी सारखे दिसतात. तरी त्यांचे वांगड वेगळे, गोत्र वेगळे, कुलदैवत वेगळे. उलट कोणी शंभर वर्षांपूर्वी कारवारास किंवा मंगळुरास गेला, त्याची बोली बदलली, वेष बदलला, तरी वंशावळीच्या वहीत त्याचे नाव मिळते आणि सुतक त्यालाच लागते. नाते ठरते ते मुखावळीवरून नव्हे, तर वंशावळीवरून.

पक्ष्यांची वंशावळ त्यांच्या हाडांत, जीवाश्मांत आणि पेशींतील जनुकांत लिहिलेली असते. २०१४ साली पक्ष्यांच्या ४८ जातींच्या संपूर्ण जनुकसंचांची तुलना प्रसिद्ध झाली. तीत पाकोळीचे सर्वांत निकटचे आप्त म्हणून दोन्ही अमेरिका खंडांतील गुंजन पक्षी, म्हणजे फुलासमोर स्थिर राहून मध पिणारी ती चिमुकली पाखरे, पक्की ठरली. आणि या दोघांच्या पाठोपाठ रातव्याचे घराणे उभे राहिले. सत्तरी किंवा काणकोणच्या रानात सांजवेळी वाटेवर बसून राहणारा रातवा हा देवळातल्या पाकोळीचा भाऊबंद आहे, आणि शेजारी घरटे बांधणारी भिंगरी नाही! अमेरिकेतील वायोमिंग येथे मिळालेल्या, सुमारे ५ कोटी वर्षांपूर्वीच्या एका चिमुकल्या पक्ष्याच्या जीवाश्माचे वर्णन २०१३ साली प्रसिद्ध झाले. तो पाकोळी व गुंजन पक्षी या दोन्ही शाखांच्या मूळ पुरुषाच्या जवळचा मानला जातो. भिंगरी मात्र गाणाऱ्या पाखरांच्या विशाल गोतावळ्यातील असून बुलबुल, वटवट्या यांच्याशी तिचे जवळचे नाते आहे.

मग रूप सारखे का? तर धंदा सारखा म्हणून. दोन वेगळ्या बंदरांतील सुतारांनी एकमेकांचे तोंडही पाहिलेले नसते. तरी दोघांनी घडविलेल्या होडीचे पुढचे टोक निमुळतेच असते, कारण पाणी दोघांना सारखेच नडते. तद्वतच मोकळ्या आकाशात वेगाने उडून बारीक कीटक टिपावयाचे तर शरीर निमुळते, पंख लांब आणि जबडा मोठा असाच हवा. दोन अलग वंशांनी हे एकच उत्तर स्वतंत्रपणे शोधून काढले. शास्त्रज्ञ याला अभिसारी उत्क्रांती म्हणतात. अवघड वाटणाऱ्या या संज्ञेचा अर्थ इतकाच : भिन्न ठिकाणांहून निघालेल्या वाटा एकाच दारी येऊन मिळणे.

तथापि त्या दारातून आत जाताना दोघींची चाल अगदी एक झाली नाही, हेही पाहिले पाहिजे. भिंगरीने भूमीशी संबंध राखला. ती शेतावरून, पाण्यावरून सखल उडते, वळणे घेते, थकली की तारेवर विसावते. पाकोळीने भूमीचा जवळजवळ त्यागच केला. युरोपातील पाकोळीच्या पाठीवर सूक्ष्म यंत्रे बसवून स्वीडनच्या लुंड विद्यापीठातील संशोधकांनी २०१६ साली दाखवून दिले की विणीचा काळ सोडला तर ती सलग १० महिने हवेतच राहू शकते. खाणे, पिणे, झोपणे सारे आकाशात. पांढऱ्या पोटाची जी मोठी पाकोळी जोगच्या धबधब्यामागील कड्यांत वीण घालते, तीही सलग ६ महिन्यांहून अधिक काळ न उतरता उडू शकते, असे तिच्या युरोपातील भावंडांवर केलेल्या अभ्यासातून २०१३ साली सिद्ध झाले. आपल्या देवळातील लहान पाकोळी इतकी विरक्त नाही. ती बाराही महिने रात्री आपल्या घरट्यात मुक्कामाला येते.

हा शेवटचा तपशील जीर्णोद्धार करणाऱ्यांच्या दृष्टीने सर्वांत महत्त्वाचा आहे. ज्ञानाचा उपयोग व्यवहारात होतो तो येथेच.

भिंगरीचे घरटे मुख्यतः एप्रिलपासून ऑगस्टपर्यंत नांदते असते. पावसाळा सरला की पिले उडून जातात. म्हणून तिच्या बाजूचे छत दुरुस्त करावयाचे असेल तर ते नवरात्रानंतर हाती घ्यावे आणि शिमग्यापूर्वी पुरे करावे. पाकोळीला असा रिकामा महिना नाही. तिची घरटी विणीनंतरही शयनगृह म्हणून वापरात असतात, आणि तिची वीणही वर्षाचा मोठा भाग व्यापते. सबब तिच्या बाजूचे काम एकदम न काढता टप्प्याटप्प्याने करावे, आणि ज्या भागात अंडी वा पिले असतील तो भाग तेवढ्यापुरता वगळावा.

विष्ठेची अडचण खरी आहे; ती नाकारून चालणार नाही. भिंगरीच्या घरट्याखाली हातभर अंतरावर एक फळी ठोकली की ती अडचण दूर होते. हीच फळी पाकोळीच्या घरट्याखाली ठोकली तर मात्र अनर्थ होईल. भिंगरी पंख मारीत सरळ दारातून निघते. पाकोळी घरट्यातून प्रथम खाली झेप टाकते, त्या पडण्यातून वेग घेते आणि मग वर उठते. तिच्या खाली मोकळी पोकळी हवी. एकीला जे संरक्षण, तेच दुसरीला सापळा. दोन्ही पक्षांनी ‘ती पाखरे’ म्हटले, यात दोष काय होता, याचे उत्तर या एका फळीत आहे. पाकोळीच्या बाजूस फळीऐवजी खाली, भुईलगत, रोज झाडता येईल असे एखादे जाजम अथवा उत्सवापुरते कापड पुरते.

तिसरी गोष्ट सामग्रीची. गुळगुळीत तैलरंगावर ओली माती धरत नाही; म्हणून छताचा एखादा कोपरा चुन्याचा, खरबरीत ठेवावा. तळीचा सारा काठ सिमेंटने बांधून काढला तर भिंगरीला गोळीभर चिखल मिळणार नाही. एका बाजूची ओली माती तशीच राहू द्यावी. पाकोळीला चिखल नको. तिला उंचावरील फटी हव्यात. जुन्या तुळया काढून नवे सपाट छत घालताना वळचणीखाली काही खाचा राखल्या तरी तिचे काम भागते. आणि कधी वादळी पावसात एखादी पाकोळी सभामंडपाच्या फरशीवर पडलेली आढळली तर ती मेली वा पांगळी आहे असे समजू नये. भुईवरून उठणे तिला फार कष्टाचे असते. तिला हलकेच उचलून उघड्या जागी, उंच धरलेल्या तळहातावर ठेवावे. हवेत भिरकावू नये. ती धडधाकट असेल तर आपण होऊन निघून जाईल.

कोणी म्हणेल, या जाती काही दुर्मीळ नाहीत. एवढी चिंता कशाला? या दोन्ही जाती दुर्मीळ नाहीत, हे खरे. परंतु ब्रिटनमध्येही पाकोळी आणि भिंगरीच्या घराण्यातील एक घरवासी जात अशा दोघीही एके काळी सर्वत्र होत्या. काही दशकांत दोघींची संख्या निम्म्याहून अधिक घटली आणि २०२१ साली दोघींचीही नावे तेथील चिंताजनक पक्ष्यांच्या लाल यादीत चढली. जुन्या इमारतींच्या दुरुस्तीत फटी बुजविल्या गेल्या, हे पाकोळीच्या ऱ्हासाचे एक कारण मानले जाते. कोणी तिच्यावर बंदूक चालविली नव्हती. लोकांनी केवळ आपली घरे नीटनेटकी केली होती. भारतात तर १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने वन्य पक्ष्यांची अंडी फोडणे अथवा घरट्यांना उपद्रव देणे याची गणना शिकारीतच केली आहे. तेव्हा घरटी काढण्याचा ठराव करण्याआधी ही बाजूही पाहणे समितीवर बंधनकारक ठरते.

तात्पर्य, देवळाच्या छतावर दोन कुळे नांदत आहेत. एक मातीशी नाते राखून आहे, दुसरीने आकाश हेच घर मानले आहे. कोट्यवधी वर्षांपूर्वी त्यांच्या वाटा फुटल्या आणि कीटकांच्या मागे धावता धावता दोघींचे रूप एक झाले. आणि शेवटी दोघींनी विसाव्यासाठी निवडले ते एकच छत. देवालयाच्या छायेत वेगवेगळ्या कुळांची माणसे एकत्र येतात, ज्याचा त्याचा मान ज्याला त्याला मिळतो, पालखीचा खांदा कोणाचा आणि दिवटी कोणाची हे ठरलेले असते. त्या व्यवस्थेला महाजनपण म्हणतात. त्याच व्यवस्थेत या दोन पाखरांनाही, ज्याला त्याला त्याच्या गरजेप्रमाणे, वळचणीची एकेक वीत मिळावी, इतकीच विनंती समितीपुढे ठेवून हे भाषण पुरे करणे उचित होईल.

आरतीची वेळ होत आली आहे. श्रोत्यांनी बाहेर पडताना दीपस्तंभाच्या वर एकदा दृष्टी टाकावी. तारेवर येऊन बसेल ती भिंगरी. न बसता अंधार पडेपर्यंत फिरतच राहील ती पाकोळी.